काळ्या पट्टीचा फोटो

आमच्या धंद्यात प्रश्नचिन्हाइतकं कामाचं हत्यार दुसरं नाही. ‘पुन्हा भूकंप होणार’ असं छापलं तर कलेक्टर कचेरीतून फोन येतो. ‘पुन्हा भूकंप होणार?’ असं छापलं तर येत नाही. कुणी हटकलंच तर म्हणायचं, आम्ही कुठं सांगितलं, आम्ही तर विचारलंय. नांदेडहून निघणाऱ्या एका दैनिकाचा लातूरचा प्रतिनिधी म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. त्या काळात मी वाचकांना इतके प्रश्न विचारले, की एखादा शाळामास्तर लाजला असता. उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मात्र माझी बोबडी वळली. त्याचीच ही हकीकत.

प्रतिनिधी म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. गंजगोलाईच्या बाजारामागं जिना चढून एक खोली, एक टेबल, एक फोन आणि वारा सोडून बाकी सगळं देणारा एक पंखा. बातमी लिहायची, फोटो असेल तर सोबत पाकिटात घालायचा आणि पाकीट दुपारच्या नांदेड गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करायचं. तिकडं स्टँडवर आमचा शिपाई उभा असायचा. जाहिराती आणायच्या, अंक उशिरा आला की एजंटाच्या शिव्या खायच्या, हेही माझ्याकडंच. पुढं फॅक्स आला, मग कॉम्प्युटर आला, पण माझी सवय गाडीच्या काळातलीच राहिली. गाडी सुटायच्या आत मजकूर पुरा झाला पाहिजे. खरा झाला की नाही, ते सवडीनं बघू.

भूकंप झाला त्या वर्षी मी या कामात नवा होतो. त्या पहिल्या दिवसांत जे पाहिलं ते मी इथं लिहीत नाही. तेव्हाही मला ते धड लिहिता आलं नव्हतं. सांगतो ते नंतरच्या महिन्यांचं. सगळी गावं उघड्यावर झोपत होती. आमच्या घरी बायको ताटात तांब्या पालथा घालून त्यावर वाटी ठेवायची. जमीन हलली की वाटी पडेल आणि जाग येईल, असा हिशेब. वाटी बहुतेक वेळा मांजर पाडायचं आणि आम्ही सगळे अंगणातून रस्त्यावर धावायचो. अशा दिवसांत माणसाला वर्तमानपत्राकडून एकच गोष्ट हवी असते: पुढचा धक्का कधी? शास्त्रज्ञ म्हणत होते, सांगता येत नाही. या वाक्याचा मथळा होत नाही. त्याच सुमाराला एक ज्योतिषी जाहिरात द्यायला आले आणि जाता जाता येत्या अमावास्येचा दिवस सांगून गेले. मी तो छापला. अर्थात प्रश्नचिन्ह घालून. अंक हातोहात खपला, म्हणून मग पौर्णिमाही छापली.

औशाकडच्या एका शाळेचे हेडमास्तर कामासाठी लातूरला आले की माझा जिना चढायचे. धोतर, टोपी, हातात आमचाच अंक. "साहेब, ह्या आठवड्यात पोरं आत बसवू का भाईर?" हे ते मला विचारायचे. मी जाणत्याचा चेहरा करून सांगायचो, "बाहेरच बसवा, गुरुजी." त्यांनी सगळी थंडी पोरांना लिंबाखाली बसवलं. एकदा ते आले तेव्हा ज्योतिषीबुवा समोरच बसले होते. दोघांचं बोलणं झालं आणि गुरुजींच्या लक्षात आलं.

"म्हंजी ती तारीख ह्यांची व्हती?" ते म्हणाले. "मला वाटलं सरकारची हाय." रागावले नाहीत. अंकाची घडी घालत एवढंच बोलले, "आदुगर सांगायचं न्हाई का हो. पोरांचे पाय लई गारठले."

ही गोष्ट मी नांदेडच्या कचेरीत विनोद म्हणून सांगितली होती. सगळे पोट धरून हसले होते. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

पुढच्या दहा-बारा वर्षांत लातूर ओळखू येईना. किनवट, देगलूर, अर्धापूर, लोहा, कुठून कुठून पोरं-पोरी शिकायला येऊ लागली. ज्याचं त्याचं घर वर चढलं आणि वरच्या मजल्याच्या खोल्या झाल्या. गल्लोगल्ली डबे, मेस, झेरॉक्स, सायकलींचे ढीग. क्लासच्या पाट्यांवर गुणवंतांचे फोटो इतके दाटीवाटीनं, की खालची भिंत दिसत नसे. आमच्या पेपरचं पहिलं पान या क्लासवाल्यांच्या जाहिरातीवर चालायचं. त्यामुळं एका हॉलमध्ये किती पोरं कोंबतात, रविवारीही चाचणी घेऊन त्यांचा जीव कसा मेटाकुटीला आणतात, हे लिहायची सोय नव्हती. पण क्लासची जाहिरात होती, पोरांची नव्हती. मग लिहायचं तर पोरांवरच लिहायचं, हे न बोलता ठरून गेलं.

एक दिवस नांदेडहून आमच्या मालकांचा फोन आला. त्यांना आम्ही सगळे अण्णासाहेब म्हणायचो. मालक तेच, संपादक तेच.

"अरे, तिकडं केबलवाले रोज दाखवून राहिले, कॉफी शॉपात पोरं-पोरी काय करतात ते. आपण काय झोपलो का?"

झोप उडाली. ‘शिक्षणनगरीत चाललंय काय?’ ही माझी सात भागांची मालिका सुरू झाली. अशी मालिका कशी बनते, ते बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगतो. आपण चहाच्या टपरीवर जायचं आणि शेजारच्या माणसाला विचारायचं, "काय हो, खेड्यातल्या पोरींना नादी लावणारी टोळी आलीय म्हणे?" तो म्हणतो, "असंल बुवा." झाली ‘नागरिकांत चर्चा’. दुसऱ्या दिवशी केबलवाला म्हणतो, वृत्तपत्रातही आलं आहे. तिसऱ्या दिवशी मी लिहितो, वाहिनीनंही उघडकीस आणलं आहे. चौथ्या दिवशी किनवटच्या एका पालकाचा घाबऱ्याघुबऱ्या फोन आला, "साहेब, डब्यात गोळ्या घालून पोरींना गुंगवतात, खरं हाय का?" डब्याचं आणि गोळ्यांचं मी लिहिलंच नव्हतं. पण पाचव्या भागात ते आलं: ‘पालकांकडूनही दुजोरा’. यामागं कुणी मोठे लोक असून त्यांना कुणाचं तरी अभय आहे, असा शेवट मी केला. आपण एखाद्याचं नाव घेत नाही तोवर तो कितीही मोठा करता येतो.

मला हे सगळं खोटं वाटत होतं का? तेच तर कबूल करायचंय. पाचव्या भागापर्यंत मला ते खरं वाटायला लागलं होतं. इतके लोक बोलताहेत म्हणजे काहीतरी असणारच, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "तुम्हीच तर बोलताय."

सहाव्या भागासाठी फोटो हवा होता. आमचा फोटोग्राफर दिलीप एक फोटो ठेवून गेला. एका क्लाससमोरच्या रसवंतीच्या बाकावर दोन मुली, दोन मुलगे, चौघांची डोकी जवळ आलेली, तोंडावर हसू. मी त्याखाली लिहिलं, ‘अभ्यासाचा तास की भेटीची वेळ?’ आणि नांदेडला पानं लावणाऱ्या डेस्कला सांगितलं, पट्टी लावा. डोळ्यांवर काळी पट्टी लावली की आपण फार सभ्य आहोत, असं आम्हा पत्रकारांना वाटतं. पूर्वी काळ्या कागदाचं कातरण चिकटवायचे, नंतर कॉम्प्युटरवर एका झटक्यात व्हायचं. पोरांची ओळख लपवली, आपलं कर्तव्य झालं. वाचकाला मात्र पट्टीचा एकच अर्थ ठाऊक असतो. पट्टी आहे म्हणजे यांनी काहीतरी केलंय.

अंक आला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ जिना चढून आले. पन्नाशीचे, अंगानं बारीक, पांढरा पायजमा-शर्ट स्वच्छ इस्त्रीचा. दारात चपला काढल्या. मी नको म्हणालो तरी काढल्या.

"मी शेख गफूर. अर्धापुरात टेलरिंगचं दुकान हाय माझं." त्यांनी खिशातून आमच्या पेपरचं कात्रण काढलं आणि टेबलावर हातानं सपाट केलं. मग डावीकडच्या मुलीवर बोट ठेवलं. "ही नसीम. माझी पोरगी."

मी पुढं केलेला पाण्याचा ग्लास तसाच राहिला. मी म्हणालो, "गफूरभाई, आम्ही डोळ्यांवर पट्टी लावली होती, कुणाची ओळख..."

"पट्टी लावून काय झाकलं, साहेब? गावात डोळ्यावरून कोन वळखतं? कपड्यावरून वळखतात. हा ड्रेस मी शिवलाय. दोन कपड्यांचा हाय, बाही येगळी, घेर येगळा. माझ्याकडं उरलेलं कापड होतं ना, त्याचा. अख्ख्या अर्धापुरात असा एकच हाय."

ते बोलत राहिले, आवाज न चढवता. मोठ्या भावानं सांगितलंय, आजच जा आणि पोरीला घेऊन ये. शिक्षण बास झालं. गल्लीत सगळ्यांनी पेपर पाहिलाय. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला महिना राहिलाय, दोन वर्षं पोरीनं रात्रीचा दिवस केलाय.

"मी भावाला बोललो, जातो. सकाळच्या गाडीनं आलो. पन पोरीकडं अजून गेलो न्हाई. आधी हितं आलो."

"का?"

"तिला इचारलं, तू काय करत होतीस, तर तिला वाटंल अब्बाला बी शक आला. एकदा इचारलं की ते परत घेता येत न्हाई, साहेब. तुमी छापलंय म्हंजी तुमी बघितलं असन. तुमीच सांगा, काय करून राहिली होती माझी पोरगी?"

मी तिथं नव्हतो, हे सांगताना माझी जीभ अडखळली. शेजारच्या दुकानात निरोप देऊन मी दिलीपला बोलावून घेतलं. तो आला, फोटोकडं पाहिलं आणि सहज म्हणाला, "हे होय? टेस्ट सुटली होती. पोरं उत्तरं जुळवून राहिली होती. त्या दुसऱ्या पोरीच्या हातात कागद हाय बघा, खाली कापला गेलाय छापताना."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इचारलं कुठं?" दिलीप म्हणाला.

गफूरभाईंनी डोळे मिटून घेतले. ओठ हलले, बहुतेक अल्लाचे आभार मानत असावेत. मग म्हणाले, "ही पट्टी काढून देता का? हाच फोटो, हितंच, पट्टी काढून छापा. माझ्या पोरीचे डोळे दिसू द्या. झाकण्यासारखं तिनं काय केलंय?"

मी त्यांच्यासमोरच अण्णासाहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं. मुलांची नावं विचारली. मी नसीमचं नाव सांगितलं, दुसऱ्या मुलीचं वैशाली, मग त्या दोन मुलांची दिलीपनं विचारून ठेवलेली नावं. नावांत दोन्ही धर्मांची पोरं होती.

"मग तर मुळीच नको," ते म्हणाले. "चेहरे दिसले, नावं कळली, की लोक भलतंच काहीतरी जोडतील. चार ओळींचा खुलासा टाकू. सवडीनं."

फोन ठेवून मी गफूरभाईंना म्हणालो, खुलासा येईल. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी उठून चपला घातल्या. आम्ही तिघं दिलीपच्या ओळखीच्या स्टुडिओत गेलो आणि मूळ फोटोच्या मोठ्या प्रती काढल्या, चौघांच्या चार. पट्टी नाही, कापलेलं काही नाही. चार पोरं, एक कागद, त्यावर फिजिक्सची गणितं. गफूरभाईंनी प्रत हातात घेतली आणि भर रस्त्यात उन्हात उभे राहून बघत बसले.

नसीमच्या खोलीवर मीही गेलो. घरमालकिणीनं पोरींना महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं होतं. नसीम जिन्यात आली आणि बापाला बघून पांढरीफटक पडली. तिनंही अंक पाहिला होता. वडील आता काय बोलतील, म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली. गफूरभाईंनी तिच्या हातात फोटो दिला आणि त्यातल्या तिच्या दंडाकडं बोट दाखवून म्हणाले, "बाही उसवलीय तुझी. तो ड्रेस आण, दोन टाके घालून देतो."

पोरगी ओक्साबोक्शी रडली. मला तिथं उभं राहवेना.

निघताना तिनंच सांगितलं, वैशालीला तिच्या बाबांनी अंक आला त्याच दिवशी नेलं. लोहा तालुक्यातलं गाव, घरची बागायत शेती. वह्या इथंच ठेवून गेली होती; आठ दिवसांत येते म्हणाली होती. मी वह्या मागून घेतल्या. "मी उद्याच जातो," म्हणालो. "फोटो दाखवतो. तिचे वडील ऐकतील."

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. नुसता फोटो घेऊन कसं जायचं, छापील खुलासा हातात असला म्हणजे वजन पडेल, असा विचार केला. खरं सांगायचं तर घाबरलो होतो. एका बापासमोर उभं राहून झालं होतं, दुसऱ्यासमोर जायला पाय उचलेना. अण्णासाहेबांची सवड दोन आठवड्यांनी झाली. आतल्या पानावर, निधनवार्तांच्या खाली चार ओळी आल्या: अमुक अंकातील छायाचित्र प्रातिनिधिक होते, त्यातील विद्यार्थ्यांचा वृत्ताशी संबंध नाही. ज्यांनी फोटो पाहिला नव्हता ते आता विचारू लागले, कोणता हो फोटो?

नसीमचं पुढं काय झालं, ते सांगून टाकतो. गफूरभाईंनी ती प्रत फ्रेम करून दुकानात लावली, गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की थेट समोर दिसेल अशी. भावाशी दोन वर्षं बोलणं बंद होतं. नसीमनं परीक्षा दिली. एमबीबीएस हुकलं, दातांच्या कॉलेजात लागली. आज तिचा स्वतःचा दवाखाना आहे. माझी दाढ तिनंच काढली. तोंड उघडं असल्यामुळं मला माफी मागता आली नाही, आणि बंद झाल्यावरही मागितली नाही.

खुलाशाचं कात्रण, फोटो आणि वह्यांची पिशवी घेऊन मी लोह्याच्या गाडीत बसलो. फाट्यावरून गाव पायी होतं. विचारत विचारत घरापाशी पोचलो, तर अंगणात हळद वाळत घातलेली, आणि दारातला मांडव अजून उतरवलेला नव्हता. त्याला बांधलेले आंब्याचे डहाळे वाळून गेले होते.

वैशालीचे वडील हळद पसरत होते. मी पेपरचं नाव सांगितलं तशी त्यांनी हात झटकून माझे दोन्ही हात धरले.

"या, या. तुमचाच पेपर येतो आमच्याकडं, लई वर्सांपासून." मला ओसरीवर खाटेवर बसवलं, आत चहाचं सांगितलं. मग समोर टेकून म्हणाले, "साहेब, तुमी सावध केलं म्हणून बरं झालं बगा. आमाला खेड्यातल्याला काय कळतंय तिकडं काय चालून राहिलंय ते? चांगलं स्थळ आलं, उरकून टाकलं. कालच पाठवणी केली."

मी पिशवीतून फोटो काढून त्यांच्या हातात दिला. कात्रण काढलंच नाही. म्हणालो, "चूक आमची झाली. पोरं अभ्यास करत होती." त्यांनी फोटो पाहिला. मग तो खाटेवर ठेवला आणि उठून पुन्हा हळदीकडं गेले.

वैशालीची आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं फोटो उचलला, पदरानं पुसला.

"हसून राहिली की," ती म्हणाली. "हातात काय हाय तिच्या?"

"परीक्षेचा कागद. उत्तरं जुळवत होते चौघं."

"तिचं बरोबर व्हतं का?"

हे मला ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मी विचारून घेतली होती. वह्या देताना नसीमनं सांगितलं होतं, त्या दिवशीचं शेवटचं गणित फक्त वैशालीला सुटलं होतं.

"बरोबर होतं," मी म्हणालो. "बाकीचे तिघं तिचं बघून आपलं दुरुस्त करत होते."

ती फोटो घेऊन अंगणाच्या कडेपर्यंत गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवं, ऐकलं का? समद्यांत तिचंच बरोबर व्हतं."

ते हळद वरखाली करत राहिले. त्यांनी मान वर केली नाही. माझ्यासाठी चहा आला. नको म्हणायला माझ्याकडं तोंड नव्हतं. मी तो बसून प्यायलो.